भाग दोन पहिल्यांदाच शिकवताना

जूनमध्ये वेळापत्रक हातात पडतं आणि दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’समोर, म्हणजे मुख्यतः जीवशास्त्रासमोर, तुमचं नाव दिसतं. तुमची बी.एस्सी. असते रसायनशास्त्रातली, नाहीतर गणितातली. शिक्षकखोलीत एखादे ज्येष्ठ सर धीर देतात, “भाग दोन ना? सोपा आहे. वाचून दाखवायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून घ्यायच्या.” मलाही असंच सांगितलं होतं आणि पहिली दोन वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. मुलांना गुणही बरे पडले. मग एक दिवस कांद्याच्या पेशीची अगदी सुबक आकृती काढणाऱ्या एका मुलीला मी सहज विचारलं, “ही पेशी असते कुठे गं?” ती म्हणाली, “बाई, कांद्याच्या मध्यभागी.” एका कांद्यात एक पेशी, आंब्यात कोय असते तशी.

चूक तिची नव्हती. मी तिला आकृती दाखवली होती, नावं पाठ करून घेतली होती, कांदा मात्र दाखवलाच नव्हता. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी वस्तू, मग मुलांनी स्वतः पाहून काढलेली आकृती, मग नावं, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. खाली जे लिहिते आहे ते याच क्रमाने वर्षभर कसं शिकवायचं, याबद्दल आहे. मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक चालू सूक्ष्मदर्शक, आयोडीनची बाटली आणि शाळेचं आवार एवढं असलं तरी भागतं.

पायरी पहिली: पुस्तक पावसाप्रमाणे लावून घ्या

नवा शिक्षक पहिल्या पानापासून सुरू करतो. दहावीच्या भाग २ मध्ये पहिला धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. म्हणजे ज्या मुलांनी पेशी कधी पाहिलेली नाही, त्यांना पहिल्याच आठवड्यात पेशीच्या केंद्रकातल्या गुणसूत्रांवरच्या जनुकांबद्दल ऐकावं लागतं. वार्षिक नियोजन लिहिण्याआधी मुख्याध्यापकांशी बोला, घटक चाचणीचा अभ्यासक्रम बघा आणि जमेल तेवढी धड्यांची अदलाबदल करून घ्या. निदान पहिला आठवडा तरी पुस्तक न उघडता फक्त पेशी बघण्यात घालवा. तो वेळ पुढे वसूल होतो.

नववीला ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ असेल तर तो धडा जुलै-ऑगस्टमध्येच घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतलात तर मुलांना दाखवायला कोरडी भिंत उरते. भर पावसात शाळेच्या आवाराला एक फेरी मारा. डबक्यातला बुळबुळीत हिरवा धागा म्हणजे शेवाळ, तो थॅलोफायटा गटातला. मागच्या भिंतीवरचा मखमलीसारखा मॉस हा ब्रायोफायटा. गटाराच्या कडेला नेचे असतातच. त्यांचं पान उलटं करून खालचे तपकिरी ठिपके दाखवा, त्यात बीजाणू असतात आणि गट टेरिडोफायटा. मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरच्या वाफ्यात बऱ्याच शाळांत सायकस लावलेला असतो. तो शोभेचा समजून आपण त्याच्याजवळून रोज जातो, पण अनावृत्तबीजी (बी फळात झाकलेलं नसलेल्या) वनस्पतीचं तेच हाताशी असलेलं उदाहरण. आणि त्याच्याशेजारचं गवत, तेरडा, आघाडा हे सगळं आवृत्तबीजी. एका तासात अख्खी वनस्पतिसृष्टी पायी फिरून होते.

डबक्यातला तो हिरवा धागा थोडा बाटलीत घेऊन या. स्पायरोगायरा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशीत हरितलवकाची हिरवी फीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दिसते. रंग घालावा लागत नाही, काही करावं लागत नाही. वीस वर्षांत हे बघून “आई शप्पथ” न म्हणालेला वर्ग मला भेटलेला नाही.

याच फेरीत प्राण्यांच्या वर्गीकरणाचीही सोय होते. गांडूळ, गोगलगाय, कोळी, वाणी, गोम. वाणी आणि गोम यांतला फरक मुलांनाच शोधू द्या: वाणीच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, गोमेच्या वलयाला एकच. गोम चावते, तेव्हा ती लांबूनच. उंच गवतात आणि दगडांखाली मुलांनी हात घालायचा नाही, हे फेरी सुरू होण्याआधी दरडावून सांगा. पावसात सापांचीही तीच जागा असते. आणि काहीही पकडून, मारून, फॉर्मॅलिनच्या बरणीत घालायचं नाही. पाहायचं, वहीत टिपायचं आणि जिथं होतं तिथं राहू द्यायचं. बेडूक तर नाहीच नाही.

पायरी दुसरी: सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढा

किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच पहिला दिवस जातो. सूक्ष्मदर्शक हाती आला की एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने तळ धरून उचला. आरसा फुटलेला नाही ना बघा. भिंगं धुतलेल्या जुन्या मलमलीच्या तुकड्याने पुसा, पदराने किंवा रुमालाने नको. ठेवायचा खिडकीजवळ, पण आरशात थेट ऊन घ्यायचं नाही, डोळ्याला इजा होते. उजेडाचं आकाश पुरतं.

आता कांदा. हे तुम्ही स्वतः आदल्या दिवशी एकट्याने करून बघा, वर्गासमोर पहिल्यांदा करू नका. कांदा उभा चिरून एक मांसल पाकळी घ्या. पाकळीची आतली, म्हणजे खोलगट बाजू बघा. पाकळी मोडली की त्या बाजूने एक पातळ, ओलसर, पारदर्शक पापुद्रा सुटतो. चिमट्याने तो नखाएवढाच घ्या. मोठा घेतला की दुमडतो, आणि दुमडला की पेशींवर पेशी चढून काहीच कळत नाही. काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, मग पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब. आच्छादक काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. धपकन टाकलीत तर हवेचे बुडबुडे अडकतात. उरलेलं पाणी टिपकागदाने टिपा.

बघताना आधी लहान वस्तुभिंग (काचपट्टीकडच्या टोकाचं भिंग). बाजूने डोळा खाली नेऊन बघत भिंग काचेच्या अगदी जवळ आणा, मग वरून बघत ते हळूहळू दूर न्या. उलटं केलंत, म्हणजे वरून बघत भिंग खाली नेत राहिलात, तर काच फुटल्याचा कट्ट आवाज येतो. माझ्या खात्यावर असे तीन आवाज आहेत.

विटांच्या भिंतीसारखी रचना दिसली की पेशी दिसल्या. आयोडीनमुळे केंद्रक पिवळसर तपकिरी होतो. तो बऱ्याचदा मध्यभागी नसून कडेला ढकललेला असतो, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. आता एक धोका सांगते. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांना सगळ्यात ठळक दिसतो तो जाड काळ्या कडेचा गोल. ती मन लावून तो गोल काढतात आणि त्याला ‘पेशी’ असं नाव देतात. तो हवेचा बुडबुडा असतो. काही जण स्वतःच्याच पापण्यांच्या केसांची आकृती काढतात. म्हणून मी आधी मुद्दाम एक नुसत्या पाण्याची, बुडबुडेवाली काचपट्टी दाखवते आणि सांगते, “हे ओळखून ठेवा, याला फसायचं नाही.”

मग प्रश्न विचारा: वनस्पतीची पेशी आहे, मग यात हिरवं काहीच का नाही? थोडं थांबा. उत्तर सांगून टाकू नका. कांदा जमिनीत वाढतो, तिथे उजेड नसतो, तो अन्न साठवतो, तयार करत नाही, हे कुणीतरी म्हणतंच. न म्हटलं तर कांद्याची हिरवी पात घेऊन या आणि पुन्हा विचारा.

गर्दीचं गणितही आधी मांडा. वर्गात ५८ मुलं, प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला तरी २९ मिनिटं, आणि तास ३५ मिनिटांचा. म्हणून रांग लावू नका. बाकीच्या वर्गाला दुसरं काम द्या, म्हणजे पापुद्रा काढण्याचा सराव किंवा भिंगाने पान बघणं, आणि पाच-पाच जणांना बोलवा. मोबाइलचा कॅमेरा नेत्रभिंगावर स्थिर धरला तर चांगला फोटो येतो, तो नंतर सगळ्यांना दाखवता येतो. पण फोटो आधी दाखवू नका. एकदा फोटो पाहिला की मुलं सूक्ष्मदर्शकात जे आहे ते बघत नाहीत, फोटोत जे होतं ते शोधतात.

दुसऱ्या दिवशी रिओचं पान आणा. कुंड्यांत सर्रास असतं, वरून हिरवं आणि खालून जांभळं. खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा काढून पाण्यात बघितला की जांभळ्या फरश्या दिसतात आणि मधेमधे हिरवट रक्षक पेशींच्या जोड्या, त्यांच्यामध्ये पर्णरंध्र. आता आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्या. दोन-चार मिनिटांत प्रत्येक फरशीतला जांभळा भाग भिंतीपासून सुटून आकसायला लागतो. पेशीभित्तिका जागच्या जागी, आतलं मात्र गोळा होतं. परासरणावर, म्हणजे पातळ द्रावणातलं पाणी पडद्यातून दाट द्रावणाकडे जाण्यावर, मी पूर्वी दोन तास बोलायचे. आता हे दाखवते आणि विचारते, “घरी काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी घातलं तर काय होतं?” पाणी सुटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. का सुटतं, ते आत्ता डोळ्यांसमोर घडलेलं असतं.

पायरी तिसरी: जास्वंद आणि भेंडी

फुलाचे भाग शिकवायला जास्वंदच घ्या. मोठी असते, वर्षभर मिळते आणि देवासाठी तोडलेलीच बरीचशी शाळेत येते. दोन मुलांत एक फूल. सुरी नको, हातांनीच एकेक मंडल सुटं करून कागदावर क्रमाने मांडायचं. बाहेरून हिरवा निदलपुंज, त्याच्याही खाली हिरव्या बारीक पट्ट्यांचं आणखी एक वर्तुळ (मुलं विचारतातच, त्याला उपनिदल म्हणतात), मग पाच पाकळ्या. मधला दांडा बघितला की मुलं गोंधळतात. तो पुमंग (फुलाचा नर भाग) की जायांग (मादी भाग)? दोन्ही. पुंकेसरांचे तंतू जुळून नळी झालेली असते आणि त्या नळीच्या आतून स्त्रीकेसराची कुक्षीवृंत वर जाते, टोकाला तिची पाच लाल मखमली टोकं दिसतात. नळी नखाने अलगद उभी फाडली की आतला पांढरा धागा सुटा होतो. इथे वर्ग एकदम शांत होतो.

खाली फुलाच्या बुडाशी टपोरा अंडाशय असतो. तो आडवा कापून भिंगाने बघितला की पाच कप्पे आणि त्यात पांढरी बीजांडं.

पुढे काय होतं, हे जास्वंद सांगत नाही, कारण आपल्या अंगणातल्या जास्वंदीला सहसा फळ धरतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी भेंडी आणायची. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. ज्यांच्या शेतात भेंडी आहे त्या मुलांना माहीत असतं की भेंडीचं फूल म्हणजे पिवळी जास्वंदच, आत गर्द लालसर डोळा असलेली. भेंडी आडवी चिरा. बहुतेक भेंड्यांत तेच पाच कप्पे, फक्त आता बीजांडांच्या जागी बिया. काल पाहिलेला अंडाशय वाढून फळ झालं आणि बीजांड वाढून बी झालं, ही गोष्ट पाठ करायची राहत नाही. कोणीतरी म्हणेल, “बाई, म्हणजे भेंडीची भाजी म्हणजे अंडाशयाची भाजी?” होय.

नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात हे दाखवायला भोपळ्याचा नाहीतर कारल्याचा वेल बघा. मादी फुलाच्या मागे इवलंसं कारलं आधीच दिसतं.

पायरी चौथी: शब्द

मराठी माध्यमात जीवशास्त्राची खरी भीती शब्दांची आहे. अंडाशय, बीजांड, अंडपेशी, बीज. परागण आणि फलन. श्वासोच्छ्वास आणि श्वसन. समयुग्मी आणि विषमयुग्मी. ही नावं वस्तूच्या आधी आली तर सगळी सारखीच वाटतात. वस्तू आधी पाहिली असेल तर शब्द फोडून दाखवणं पुरतं: पर्ण म्हणजे पान, रंध्र म्हणजे छिद्र. विषम म्हणजे वेगवेगळं, युग्म म्हणजे जोडी. आपल्या परिभाषेची ही मोठी सोय आहे. नीट फोडला तर शब्दच व्याख्या सांगतो.

दुसरी बाजूही आहे. याच मुलांपैकी काही जण अकरावीला विज्ञान घेतील आणि तिथे सगळं इंग्रजीत असेल. म्हणून फळ्यावर तंतुकणिका लिहिताना शेजारी मायटोकाँड्रिया, हरितलवकाशेजारी क्लोरोप्लास्ट लिहीत जा. महिन्याला दहा-बारा शब्द, जास्त नकोत. पाठ करायला लावू नका, नुसते कानावर पडू द्या.

श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांवर मात्र थोडा जास्त वेळ द्या. हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं हा श्वासोच्छ्वास. पेशीत ग्लुकोजचं विघटन होऊन ऊर्जा मोकळी होते ते पेशीस्तरावरचं श्वसन. हे दोन एकच समजल्यामुळे मुलांच्या डोक्यात एक पक्की चूक बसते: “प्राणी श्वसन करतात आणि झाडं प्रकाशसंश्लेषण करतात.” झाडंही चोवीस तास श्वसन करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात असल्यामुळे एकूण हिशेबात ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, एवढंच. याच तासाला कोणीतरी हमखास विचारतं, “पण पिंपळ रात्रीपण ऑक्सिजन देतो ना?” व्हॉट्सॲपने हे घरोघरी पोचवलंय. मुलाला वेड्यात काढू नका, आजीने सांगितलेलं असतं. फक्त विचारा: ऑक्सिजन कोणत्या क्रियेत बाहेर पडतो? त्या क्रियेला काय लागतं? रात्री ते असतं का? उत्तर वर्गातूनच येतं आणि आजीचाही अपमान होत नाही.

पायरी पाचवी: फसणारे प्रयोग

पानात पिष्ट (स्टार्च) तयार होतं हे दाखवणारा प्रयोग पुस्तकात चार ओळींचा आहे आणि वर्गात निम्म्या वेळा फसतो. कारणं साधी आहेत. पावसाळी, ढगाळ दिवशी पानात पिष्ट कमी तयार होतं, म्हणून तो ऑक्टोबरच्या उन्हात घ्या. पानातलं आधीचं पिष्ट संपावं म्हणून कुंडी अंधारात ठेवायची ती नावापुरती एक रात्र नव्हे, दोन दिवस. जाड, चकचकीत पान घेऊ नका, त्याचा हिरवा रंग सुटता सुटत नाही. जास्वंदीचं पातळ पान चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पानाचा हिरवा रंग काढायला ते स्पिरिटमध्ये गरम करावं लागतं. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही ठेवू नका, भडका उडतो. चंचुपात्रात पाणी उकळा, ज्योत विझवा, स्पिरिटची बाटली दूर ठेवा आणि मग पान व स्पिरिट असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी करा. ज्योत विझवल्यानंतर, आधी नाही. पान पांढरट झालं की पाण्यात धुवून मऊ करा आणि आयोडीन घाला. काळपट निळा रंग आला तर पिष्ट आहे.

तरीही फसला तर? फळ्यावर ‘का फसला असेल?’ असं लिहून त्यावर तास घ्या. फसलेला प्रयोग लपवून “रंग निळा झाला असे दिसून येते” हे प्रयोगवहीत उतरवून घेणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. मुलांना ते कळतं, आणि विज्ञान म्हणजे काय याबद्दल त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष फार वाईट असतो.

वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचंही तसंच. दुसऱ्या पिढीतल्या उंच आणि बुटक्या झाडांचं ३:१ हे गुणोत्तर फळ्यावर चौकोन काढून सिद्ध करता येतं, पण पटत नाही. प्रत्येक जोडीला दोन नाणी द्या. प्रत्येक नाण्याच्या एका बाजूला ‘उं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बु’ अशी चिठ्ठी चिकटवा, उंच आणि बुटका. एक नाणं आईकडचं, एक बापाकडचं. दोन्ही एकदम उडवायची. एक जरी ‘उं’ आला तरी झाड उंच, दोन्ही ‘बु’ आले तरच बुटकं. वीस वेळा उडवून मोजा. एखाद्या जोडीला ११ उंच, ९ बुटके मिळतात आणि ती रडकुंडीला येते, “बाई, आमचं चुकलं.” नाही चुकलं. सगळ्या जोड्यांचे आकडे फळ्यावर एकत्र करा. २९ जोड्यांची ५८० झाडं झाली तर बुटकी १४५च्या आसपास येतील.

मग मेंडेलचे खरे आकडे लिहा. त्याच्या वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत ७८७ झाडं उंच आणि २७७ बुटकी निघाली. भागाकार करायला लावा, २.८४ येतो, तीन नाही. गोल बिया ५४७४ आणि सुरकुतलेल्या १८५०, इथे २.९६. १८६६ साली त्याने हे छापलं, तेव्हा त्याच्याकडेही पुस्तकातला चौकोन नव्हता. होते ते मोजलेले वाटाणे. उं-बु नाण्यांशी खेळलेल्या वर्गाला ‘विषमयुग्मी’ हा शब्द त्यानंतर द्या, तो लगेच मुरतो.

पायरी सहावी: ‘तो’ धडा

दहावी भाग २ मधला तिसरा धडा, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २. प्रजनन. मी पहिल्या वर्षी काय केलं ते सांगते. मुलींना एका बाजूला बसवलं, खिडक्या लावून घेतल्या, आवाज बारीक केला. परिणाम असा झाला की अख्ख्या शाळेला कळलं आज ‘तो’ धडा आहे, आणि बंद खिडक्यांच्या फटींशी शेजारच्या तुकडीतली पोरं गोळा झाली. मी वीस मिनिटांत धडा उरकला आणि “बाकीचं घरी वाचा” म्हणून मोकळी झाले. घरी ते पान कोणी मोठ्यांसमोर उघडत नाही.

आता हा धडा जास्वंदीला जोडूनच येतो, त्याच आठवड्यात, त्याच आवाजात. अंडाशय हा शब्द मुलांनी फुलाबद्दल शंभर वेळा उच्चारलेला असतो, परागकण, अंडपेशी, फलन हेही. माणसाच्या शरीराबद्दल तेच शब्द आले की हसू येतं, पण पहिल्या पाच मिनिटांपुरतं. ते येऊ द्या, रागावू नका. तुम्ही अवयवांची नावं न अडखळता, डोळे न चुकवता उच्चारलीत तर वर्ग तुमच्या मागोमाग येतो. अडखळणार असाल तर आदल्या रात्री आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. थट्टा करत नाहीये, मी केलंय.

मुलामुलींना एकत्रच शिकवा. पाळीबद्दल मुलग्यांनाही कळायला हवं, आणि शाळेतली कितीतरी चेष्टा अज्ञानातूनच येते. पुस्तकात २८ दिवसांचं चक्र दिलं आहे, पण ती सरासरी आहे. सगळ्यांचं तसं नसतं, आणि सुरुवातीच्या वर्षांत मागेपुढे होणं नेहमीचं आहे, हे आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने किती मुलींची छाती हलकी होते ते चेहऱ्यांवर दिसतं. मुलींसाठी स्वतंत्र तास हवा असेल तर तो याशिवाय जास्तीचा घ्या, याच्याऐवजी नको.

प्रश्नांसाठी बुटाच्या खोक्याला फट पाडून पेटी करा. सगळ्यांनी एकेक चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहून. म्हणजे कोणी टाकली आणि कोणी नाही हे कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, सारखे प्रश्न एकत्र करा, दुसऱ्या दिवशी उत्तरं द्या. उत्तर माहीत नसेल तर “बघून सांगते” म्हणा आणि खरंच सांगा. एखाद्या चिठ्ठीतून मुलाला किंवा मुलीला घरी-दारी त्रास होत असल्याचं जाणवलं तर ते वर्गात वाचायचं नाही. मुख्याध्यापकांना सांगा, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन वर्गाच्या भिंतीवर कायम लिहून ठेवा, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.

लिंगनिश्चितीचा भाग गडबडीत संपवू नका. दोन पिशव्या घ्या. आईच्या पिशवीत सगळे लाल मणी, म्हणजे एक्स गुणसूत्रं. वडिलांच्या पिशवीत निम्मे लाल आणि निम्मे निळे, म्हणजे एक्स आणि वाय. मुलांना डोळे मिटून दोन्ही पिशव्यांतून एकेक मणी काढायला लावा. लाल-लाल आले तर मुलगी, लाल-निळा आला तर मुलगा. दहा-बारा वेळा झालं की विचारा, कोणत्या पिशवीवर ठरतंय? आईच्या पिशवीत तर निवडीला जागाच नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांतली मुलं समोरच्या बाकांवर बसलेली असतात. घरच्या गोष्टी वर्गात कुणाला विचारू नका, मणी पुरेसं बोलतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि पुढे चला.

पालकांची तक्रार आली तर? माझ्याकडे एकदाच आली. पुस्तक त्यांच्या हातात दिलं, धडा उघडून. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.”

पायरी सातवी: परीक्षा

भाग २ची लेखी परीक्षा ४० गुणांची, दोन तासांची. भाग १चे तेवढेच, आणि प्रात्यक्षिकाचे २० धरून शंभर. इथे जास्त लिहिण्यासारखं नाही, कारण वर्षभर वस्तू पाहिलेल्या मुलांना फक्त शिस्त लावायची उरते. आकृती पेन्सिलीने, नावं शक्यतो एकाच बाजूला एकाखाली एक, नावाची रेघ त्या भागाला टेकलेली, रेघा एकमेकींना न कापणाऱ्या. छायांकन नको. ‘फरक स्पष्ट करा’मध्ये एकाच मुद्द्याच्या दोन बाजू समोरासमोर हव्यात. एका रकान्यात रंग आणि दुसऱ्यात कार्य असा फरक होत नाही.

मुलांना अभ्यासाची एकच पद्धत शिकवा. पुस्तक मिटायचं, आकृती आठवेल तशी काढायची, मग पुस्तक उघडून लाल पेनने चुका दुरुस्त करायच्या. पुढच्या वेळी लाल कुठे होतं तिथूनच सुरुवात. पुस्तक उघडं ठेवून दहा वेळा काढलेल्या आकृतीपेक्षा मिटून दोनदा काढलेली जास्त टिकते. मात्र घरी सोडून दिलंत तर हे कोणी करत नाही. वर्गात, तासाच्या शेवटच्या सात-आठ मिनिटांत करून घ्या.

शेवटचं काम, एप्रिलमधलं

निकालाच्या गडबडीत सूक्ष्मदर्शक तसाच टेबलावर राहतो. वस्तुभिंगावर आयोडीन किंवा मीठ लागलेलं असेल तर किंचित ओल्या मलमलीने पुसा, लगेच कोरड्याने. सगळ्यात लहान वस्तुभिंग खाली आणून ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, वर्षभर मुलांकडून त्या जमवून ठेवा आणि चार-पाच पुड्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत टाका. रेक्झिनच्या बंद पिशवीत ठेवू नका, त्यात ओल कोंडते. पेटी भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको, लाकडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात भिंगाच्या आत एकदा बुरशी धरली की ती पुसून निघत नाही, आणि जूनमध्ये कांद्याचा पापुद्रा लावून बघणाऱ्या प्रत्येक मुलाला पेशींच्या आधी तिचीच जाळी दिसते. किल्ली कोणाकडे दिली ते नोंदवहीत लिहा.